काठावरचे ठोके

घंगाळ महाडला आलं ते गोणपाटात गुंडाळून, भरतच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटला बांधून. तळाला बारीक चीर गेली होती, पाणी ठिपकत होतं. सासूबाईंचा निरोप होता, शिमग्याच्या आत चीर डाग लावून सांधून आणा. शिमग्याला सगळी कुडपणला जमली की घरातल्या जुन्या वस्तू कुणाकडे जायच्या ते सांगून टाकते. हाताने देते, मागाहून तोंडं फिरवून बसायला नको.

मी गोणपाट सोडलं तेव्हा श्रुतिका झोपली होती. चौदा महिन्यांची पोर झोपली की आईला दोन कामं असतात, घर आवरायचं आणि पोर श्वास घेतेय ना ते बघायचं. मी दुसरंच जास्त करते. भरत म्हणतो, तू तिला मोजतेस. खरं आहे. ताप, ढेकर, पावलं, दात, लसींच्या तारखा, सगळं माझ्या डोक्यात क्रमाने असतं. बीएस्सीला कधी एवढं पाठ केलं नव्हतं.

घंगाळ तांब्याचं, दोन बाजूंना पितळी कड्या, कवेत जेमतेम मावेल एवढं. भरतच्या आजीचं, येसूबाईंचं. त्यांच्याकडून ते सासूबाईंकडे, ठकूबाईंकडे आलं. दोघीही सुईणी. वर रस्ता नव्हता, पावसाळ्यात तर घाट उतरायची सोयच नव्हती. तेव्हा कुडपणच्या पठारावर जे जे जन्मलं ते या दोघींच्या हातात, आणि पहिली आंघोळ या घंगाळात. एवढं मला सोयरीक जुळली तेव्हाच कळलं होतं. पोरगा ठकू सुईणीचा, असंच स्थळ सांगितलं होतं आम्हाला. पगार नंतर सांगितला.

आणि याच घंगाळाला मी नाही म्हटलं होतं.

श्रुतिका महाडला दवाखान्यात झाली, पोटावर टाके घालून. तिसऱ्या दिवशी सासूबाई घंगाळ लुगड्यात बांधून एसटीने घाट उतरून आल्या. मी खाटेवरून बघितलं. कडीजवळ हिरवट डाग होता. मी म्हटलं, आई, डॉक्टर आंघोळ नको म्हणालेत. डॉक्टर म्हणाले होते हे खरं, पण नाळ पडेपर्यंत नको, एवढंच म्हणाले होते. पुढचं मी गिळलं. सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि संध्याकाळच्या गाडीने घंगाळ परत घेऊन गेल्या. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. रागावल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. ते "बरं" चौदा महिने माझ्याजवळ पडून होतं.

म्हणून मी मनाशी ठरवलं. शिमग्याला सगळ्यांसमोर श्रुतिकाला या घंगाळात न्हाऊ घालायचं, आणि मग घंगाळ मागून घ्यायचं. मला ते हवं होतं. देवाचे टाक थोरल्या दिरांकडे जाणार, ते योग्यच. सोन्याच्या पाटल्यांवर माझा डोळा नव्हता. पण त्या घरात मला काही मिळावं तर हे मिळावं, असं वाटत होतं.

पोर बसवायची म्हणून मी आतून हात फिरवून बघितला. तळ गुळगुळीत होता. वर काठाजवळ मात्र बारीक खरखर होती, मिठाच्या खड्यांवरून बोट फिरवावं तशी. बाहेरून बघितलं तर काठाखाली बोटभर अंतरावर बारीक खड्ड्यांच्या दोन ओळी होत्या, एक वर, एक खाली. खालच्या ओळीतले खड्डे वापराने बुजत आलेले. वरच्यांची टोकं आत उचललेली. वयानं पडले असतील असं वाटलं. दोन ठिकाणी खरखर नव्हती, तेव्हा इथलं तांबं चांगलं आहे, असंही वाटलं.

श्रुतिकाची पाठ या टोकांवर घासली असती. मी घंगाळ रिक्षात घालून बाजारपेठेतल्या तांबटाकडे नेलं. म्हातारा माणूस, कानात पेन्सिल. त्याने चीर बघितली, वाजवून बघितलं, भांडं जातिवंत आहे म्हणाला. मी त्याला सांगितलं, तळाला डाग लावा, आणि काका, हा वरचा काठ आतून गुळगुळीत करून द्या. लहान मूल बसणार आहे.

चार दिवसांनी घंगाळ असं आलं की त्यात श्रुतिकाचं तोंड दिसत होतं. तांबटाने काठ तापवून, हातोडीने सगळीकडून मठारून दिला होता. वरची ओळ जवळजवळ गेलेली, खालची बुजत आलेली होती तशीच. "कडक झाला काठ," तो अभिमानाने म्हणाला, "आता पन्नास वर्षं बघायला नको." मी त्याला ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले.

कुडपणला आम्ही होळीच्या आदल्या दिवशी पोचलो. पोलादपूर सोडून घाट लागला तशी मी श्रुतिकाला दोन टोप्या घातल्या, मग गरम होतंय वाटून एक काढली. घंगाळ माझ्या पायाशी होतं. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर या भागात वर्षभरापूर्वी आलेला, त्यालाही माहीत होतं. सुईणआजीचं का, म्हणाला.

विरारहून मोठे दीर रामाभाऊजी आणि जाऊबाई अंकिताताई आधीच आले होते. त्यांचा ओम बारावीची परीक्षा म्हणून तिकडेच राहिला होता. अंकिताताई मला पहिल्यापासून जरा धाकाने वागवतात. त्यांचं ओमच्या वेळचं बाळंतपण याच घरात झालेलं. चार दिवस राहायला म्हणून आल्या, धोधो पाऊस लागला, दरड आली आणि सातव्या महिन्याचा ओम सासूबाईंच्या हातात पडला. तो वाचला, दीड किलोचा. त्यामुळे माझ्या दवाखान्याच्या गोष्टी त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "हो, तुमचं आपलं एसीतलं."

धुळवडीची पालखी दारावरून गेली आणि दुपारी सासूबाईंनी पडवीत घोंगडी अंथरली. त्यावर एकेक वस्तू आणून ठेवली. देवाचे चांदीचे पाच टाक, झिजून नाकडोळे गेलेले. त्यांच्या हातातल्या दोन पाटल्या, त्यांनी तिथेच साबण लावून काढल्या. सासऱ्यांची घोंगडी बांधायची चांदीची साखळी. आणि घंगाळ.

टाक रामाभाऊजींकडे. भाऊजींनी ते कपाळाला लावले. पाटली एकेक दोघी सुनांना. साखळी भरतला. सगळं इतकं भराभर झालं की भरत म्हणाला, आय, रेशन वाटतेस की काय. सासूबाई म्हणाल्या, रेशनला तरी लायनीत उभं राहावं लागतं.

सासूबाईंनी घंगाळावर हात ठेवण्याआधीच रामाभाऊजींनी मोबाईल काढला. पठाराच्या कडेला एका पुण्याच्या माणसाने पाहुण्यांसाठी खोल्या आणि तंबू टाकलेत. त्याला जुनी तांब्याची भांडी हवी होती. भाऊजींनी फोटो दाखवला, कुणाचा तरी हंडा, त्यात जास्वंद लावलेली. म्हणाले, आय, आपलं इथं कोण घासणार याला. विरारच्या फ्लॅटमध्ये बादली ठेवायला जागा नाय. त्याच्या दारात राहील, लोकं येतील-जातील, फोटो काढतील. गावातच राहील ना. पैसे तुझ्या औषधाला.

मी बोलायला तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं की आधी श्रुतिकाला न्हाऊ घालू. पण तेवढ्यात अंकिताताई पुढे सरकल्या, "थांबा हो, झाड कसलं लावताय," आणि त्यांनी उजवा अंगठा घंगाळाच्या काठाखाली नेला. न बघता. आपल्याच घरातल्या दिव्याचं बटण शोधावं तसा. अंगठा थोडा डावीकडे गेला, थोडा उजवीकडे. मग त्यांनी वाकून बघितलं. मग घंगाळ उचलून उजेडात धरलं.

"आई," त्या म्हणाल्या, "माझ्या ओमचा ठोका कुठंय?"

सासूबाईंनी घंगाळ मांडीवर घेतलं. दोन्ही अंगठे काठाखाली ठेवून सावकाश गोल फिरवलं. पूर्ण एक फेरा. त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही. मी सगळ्यांची तोंडं वाचते, त्यांचं मला कधी वाचता येत नाही.

ते काय होतं ते मला अंकिताताईंनीच सांगितलं, एकेक शब्द तोडून. ते खड्डे नव्हते. पोर जन्माला आलं की पाचव्या दिवशी सुईण खिळा घेऊन काठाखाली एक ठोका मारायची आणि बाळंतिणीचा अंगठा धरून त्यावर ठेवायची. हा तुझा. खालची ओळ येसूबाईंची, वरची सासूबाईंची. ज्या बाईचं बाळंतपण या घंगाळाने केलं तिला तिची जागा माहीत. पुरुषांना सांगायचं नाही असं काही नव्हतं, पण कुणी कधी विचारलं नाही. आणि मी पाचव्या दिवशी दवाखान्यात होते.

"तांबटानं वाट लावली वाटतं," भाऊजी म्हणाले.

"त्याने नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं. काठ टोचत होता. श्रुतिकाला बसवायचं होतं त्यात."

श्रुतिका साखळी तोंडात घालत होती, ती मी काढून घेतली, तिने भोकाड पसरलं, आणि मला हायसं वाटलं की निदान काहीतरी आवाज झाला. अंकिताताई म्हणाल्या, दर शिमग्याला मी तिथं हात लावते. सतरा वर्षं. पोराची परीक्षा चालू आहे. आणि हिला टोचत होतं.

भाऊजींनी मोबाईल परत उचलला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना वाटलं असेल, विषय संपवावा. म्हणाले, बघ आय, आता ठोके पण गेले. आता राहिलं काय, तांबं. त्याला हो म्हणून कळवू?

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "पोरीला लागंल म्हणून केलंस?"

"हो."

"एकोणनव्वद पोरं न्हाऊन गेली, एकानं तक्रार केली नाय," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

मला वाटलं रडायला गेल्या. मी उठून मागे जावं की न जावं ते ठरवत होते तेवढ्यात त्या बाहेर आल्या. हातात एक जाड लोखंडी खिळा, डोकं चपटं झालेला, एक लहान हातोडी, आणि नदीतला गुळगुळीत काळा गोटा. उंबऱ्याजवळ ऊन येतं तिथं बसल्या.

"अक्षदा, पोर भरतकडं दे. हिकडं ये. घंगाळ असं धर, आडवं. हलवू नको."

मी घंगाळ मांड्यांमध्ये दाबून धरलं. त्यांनी एका कडीपासून दोन बोटं मोजली, खिळा टेकवला.

"आई, तुम्हाला आठवतंय सगळं?" मी विचारलं.

"आठवाय भांडं लागतं व्हय?" त्या म्हणाल्या. "भांडं बायांसाठी. मला कशाला?"

पहिला ठोका पडला. माझ्या गुडघ्यांपर्यंत तो झणझणत गेला.

"पयला धोंडूचा पोरगा. टेकाडावरच्या घरात. माझी सासू मागं बसून व्हती, हात लावलान नाय तिनं. घामानं लुगडं भिजलं, तिचं, माझं नाय." मग मला म्हणाल्या, "आतून बोट लाव. टोचतंय?"

मी बोट लावलं. बारीक टोक आलं होतं. "हो."

"मग गोट्यानं घास. टोचायचं थांबंस्तोवर घास. मला पण आधी सुचाय पायजे व्हतं ता."

असं काम सुरू झालं. त्या ठोका मारायच्या आणि नाव सांगायच्या, मी आतून गोटा घासायची आणि बोट फिरवून बघायची. दुसरी गंगी. तिसरा आणि चौथी जुळी, म्हणून ते दोन ठोके अगदी खेटून. पाचवा सोमाचा, तो गोठ्यात झाला, घरात पाहुणे होते म्हणून. म्हशीनं बघितलान सगळं, सासूबाई म्हणाल्या, पण कोणाला बोलली नाय. भरतला हसू आलं. अंकिताताईंना पण आलं, त्यांनी ते दाबलं.

तांब्यावर लोखंडाचा आवाज पठारावर लांब जातो. अकराव्या-बाराव्या ठोक्याला शेजारची भिकूची आई आली. काय ठोकता गो, विचारत आली, बघितलं, आणि काही न विचारता पायरीवर बसली. मग आणखी दोघी आल्या, हातावरचा रंग अजून धुतलेला नाही अशा. सतराव्याला सासूबाई म्हणाल्या, "भिकू. पायाळू."

"त्याचे दोन मार," भिकूची आई म्हणाली. "लय छळलान मला."

"छळलान तुला. उलटा वळवला मी. मग तिसरा पण माझ्या नावाचा मारू?"

आणि एकच मारला.

एका ठिकाणी सासूबाईंनी खिळा बोटभर पुढे सरकवला आणि हातोडी उचललीच नाही. तळहात काठावर ठेवून बसल्या. मला कळेना काय झालं. "एकीला डोलीतून खाली नेत व्हते," त्या म्हणाल्या. "मी बरूबर व्हते. अर्ध्या घाटात दोघं गेली. ही जागा मोकळी. ती आधीपास्नं मोकळी व्हती."

मला ती जागा माहीत होती. तिथं माझ्या बोटाला खरखर लागली नव्हती आणि मी म्हटलं होतं, इथलं तांबं चांगलं. तिथंही मी गोटा फिरवला. घासण्यासारखं काही नव्हतं, तरी फिरवला.

त्यांच्या सगळ्या वर्षांमध्ये अशा जागा दोन. पुढे मी महाडला आमच्या डॉक्टरीणबाईंना सहज हे सांगितलं. वीज नाही, रक्त नाही, रस्ता नाही, एकोणनव्वद पोरं आणि दोन जागा मोकळ्या. बाई लिहिता लिहिता थांबल्या. पुन्हा सांगा म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना माझी मान आपोआप ताठ झाली. माझी सासू आहे ती, असं मी म्हटलं. त्यांना ते माहीत होतं.

चहा झाला. सासूबाई मनगट चोळत होत्या, मी म्हटलं उरलेले उद्या मारू. त्या म्हणाल्या, उद्या माझा हात तरणा होणार हाय का? घंगाळ पुढे घेतलं आणि विचारलं, "कुठवर आलो गो?"

त्यांनी बायांना विचारलं होतं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रत्येकीला तिचं तिचं माहीत होतं. भाऊजी म्हणाले, चाळीस झाले असतील.

"सेहेचाळीस," मी म्हटलं. "शेवटची कमळीची मुलगी, केस घेऊन आलेली. त्याच्या आधी कमळीच्या जावेचा, नाळ गळ्याभोवती. त्याच्या आधी मोकळी जागा. त्याच्या आधी जगू."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घालून गोटा घेतला. मला मोजायची सवय आहे, एवढंच होतं ते.

त्यापुढे त्या जरा हळू बोलायला लागल्या. नाव सांगितल्यावर माझे ओठ हलतात का बघायच्या, मग पुढचा खिळा टेकवायच्या.

ऊन पडवीतून अंगणात उतरलं तेव्हा सत्त्याऐंशीवा आला. सासूबाईंनी हातोडी थांबवली आणि अंकिताताईंना बोलावलं. अंकिताताई पदर खोचून येऊन बसल्या. "ओम," सासूबाई म्हणाल्या. "सातव्याचा. कापसात ठेवलेला, चुलीच्या उबेला. रामा भायेर उभा राहून रडत व्हता." भाऊजी आतल्या खोलीत गेले. ठोका पडला, मी घासला, आणि अंकिताताईंचा अंगठा धरून मीच त्यावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ तिथं ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आतून खरंच टोचायचं गं. मी बोलले नव्हते."

एकोणनव्वदावा पडला. त्यानंतर वर गाडीरस्ता झाला, ॲम्ब्युलन्स यायला लागली, बाया खाली जायला लागल्या. काठावर अजून हातभर जागा रिकामी होती.

भिकूची आई म्हणाली, "आता नातीचा मार. नव्वद पुरी कर."

भरत श्रुतिकाला घेऊन जवळच उभा होता. तिने हात पुढे केला, तिला हातोडी हवी होती. मला तो ठोका इतका हवा होता की मी सासूबाईंकडे बघूच शकले नाही.

"नाय," त्या म्हणाल्या. "ही माझ्या हातची नाय. डाक्टरनीच्या हातची हाय. तिनं मारावा तिच्या भांड्यावर."

बाया हसल्या. दुपारभर मी त्यांच्या शेजारी बसले होते. पायाळू वळवला तरी ज्याचा एक त्याचा एकच, आणि घाटात गेलेल्यांची जागा मोकळी ती मोकळीच. त्या काठावर नातीच्या लाडाचा ठोका पडला असता तर बाकीच्यांचं काय राहिलं असतं? मी श्रुतिकाचा हात खाली घेतला.

"मग आई, हे आता विरारला नेऊ?" अंकिताताईंनी विचारलं. झाडाची गोष्ट कुणी पुन्हा काढली नाही. भाऊजींनीही नाही.

सासूबाईंनी खिळा आणि गोटा एका फडक्यात बांधले. मग मला म्हणाल्या, पयल्यापास्नं सांग.

मी घंगाळ फिरवत, अंगठा ठेवत सांगायला लागले. धोंडूचा. गंगी. जुळी. सोमाचा, गोठ्यातला. बाया मध्ये मध्ये हुंकार भरत होत्या. मोकळ्या जागी मी थांबले. त्रेसष्टपर्यंत सलग आलं, मग अडलं. एका नावाला भिकूची आई मदतीला आली, पण पुढे दोन नावांची अदलाबदल झाली आणि मी अंगठा मागे नेला.

"बास हाय," सासूबाई म्हणाल्या. "उरलेली येतील." मग भाऊजींकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घंगाळ महाडला जाईल. पठारावरच्या बाया आता खाली जातात ना बाळंतपणाला? पावसाच्या आधी जाऊन सोयऱ्यांकडं राहतात, पडवीत, कोपऱ्यात. मग घंगाळ हिथं बसून काय करील? बाया खाली, तर ता पण खाली." आणि मला, "घरी आलेल्या बाईला नाय म्हणायचं नाय. जमंल?"

आमच्या महाडच्या घराला दोन खोल्या आहेत. मी हो म्हटलं आणि मनात लगेच अंथरुणं, पाण्याचा पिंप, मच्छरदाणी मोजायला लागले.

आषाढाच्या आधी भिकूची बायको तेजश्री आमच्याकडे राहायला आली, आठवा संपलेला. मी तिला रात्री दोनदा उठून बघायची, शेवटी तीच म्हणाली, वहिनी, तुम्ही झोपा, मी हाय. मुलगा झाला, महाडच्याच दवाखान्यात, बिनटाक्याचा. पाचव्या दिवशी घरी आणला. नाळ पडली होती, डॉक्टरीणबाईंनाही विचारून ठेवलं होतं. मी घंगाळ चिंच-मिठाने घासून काढलं, पाणी कोमट केलं, कोपर बुडवून बघितलं, थर्मामीटर लावून बघितलं, पुन्हा कोपर बुडवलं. पोराला पाण्यात धरलं आणि तेजश्रीचा अंगठा तिच्या नवऱ्याच्या ठोक्यावर ठेवला. "हा भिकू," मी म्हटलं. "सतरावा. पायाळू." तिला ते माहीत नव्हतं. भिकूलाही नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. पोराचं वजन विचारलं, रंग विचारला, दूध ओढतो का विचारलं. मग म्हणाल्या, "ठोका मारलास?"

फडक्यातला खिळा समोरच्या फळीवर होता. दुपारी तेजश्रीनेच आठवण केली होती, की वहिनी, मारा ना. मी खिळा हातात घेऊन काठावरच्या रिकाम्या जागेपर्यंत नेलाही होता.

"नाही," मी म्हटलं. "मी फक्त पाणी तापवलं."

रेंज गेली असं वाटून मी फोन कानापासून काढून बघितला.

"शानी हायेस," सासूबाई म्हणाल्या. "बरं, ता कोरडं पुसून उपडं ठेव. आणि सत्तराव्याच्या पुढचं म्हणून दाखव."

मी श्रुतिकाला कडेवर घेतलं, घंगाळ मांडीशी ओढलं, आणि अंगठा लावून म्हणायला लागले.